कार्यशाळा जानेवारीत नको, दसऱ्याआधी घ्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींना लोकचित्रकलेची ओळख व्हावी म्हणून नागपूर-पुण्याकडची महाविद्यालयं आमच्या भागात गट पाठवतात. ती पाठवतात याचं मला फार समाधान आहे. पण हे गट येतात जानेवारी-फेब्रुवारीत, त्यांच्या वेळापत्रकात जागा सापडते तेव्हा. त्या दिवसांत भिंतींचं काम कधीचंच उरकलेलं असतं. मुलं फोटो काढतात, वहीत मोर उतरवून घेतात आणि दोन-चार दिवसांत परतीची बस धरतात. माझी विनंती अशी, की या मुलांना आश्विनात पाठवा, पावसानं झोडपलेली भिंत उघडी पडलेली असते तेव्हा. आणि शिकवायला तिलाच बसवा, जिची ती भिंत आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा-झरी जामणी पट्ट्यात कलाशिक्षिका होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलं बसवण्यात नोकरी गेली. वर्गात गोंड, परधान, कोलाम घरांतली मुलं असायची आणि त्यांच्या आयांच्या भिंती बघायला मी सुटीच्या दिवशी पोडावर जायची. कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. निवृत्तीनंतर बाहेरून येणाऱ्या गटांची राहण्या-जेवणाची सोय लावणं, त्यांना पोडावर नेणं, बायांशी गाठ घालून देणं हे काम माझ्याकडे आपोआप आलं. म्हणून या विषयावर बोलण्याचा मला अधिकार आहे, असं मी समजते.

इकडची जुनी घरं कुडाची. पऱ्हाटी, तुऱ्हाटी (कपाशीच्या, तुरीच्या वाळक्या काड्या) नाहीतर बांबूच्या कमच्या विणून कूड उभा करायचा आणि तो दोन्ही अंगांनी मातीनं लिंपायचा. पावसाळाभर पाणी त्या मातीला खात राहतं. झड बसते त्या बाजूचे पोपडे सुटतात, आतला कूड दिसू लागतो. उघडीप मिळाली की नवरात्राच्या सुमारास बाया कामाला लागतात. सैल झालेलं खरवडून काढायचं. माती, शेण आणि कुटार म्हणजे भुसा एकत्र करून पायानं तुडवायचं, पाणी घालून रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी तो गारा हातानं भिंतीवर थापायचा. वाळला की भेगा बघून बारीक मातीचा दुसरा हात द्यायचा. मग पांढऱ्या मातीचा पोतारा, कापडाच्या बोळ्यानं, वरून खाली. त्यानंतर गेरू, काव, काजळी, चुना. ज्याला आपण चित्र म्हणतो तो या सगळ्या कामाचा शेवटचा हात असतो, आणि जानेवारीत आलेल्या मुलाला फक्त तेवढाच दिसतो.

एका वर्षी एका महाविद्यालयाचं वेळापत्रक मागेपुढे झालं आणि त्यांचा गट ऐन नवरात्रात आला. काय फरक पडतो ते तेव्हा मी डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या दिवशी वह्या उघडल्याच गेल्या नाहीत. मुलं-मुली सगळी घोट्यापर्यंत चिखलात. गावात लिंपण-सारवण हे बायांचंच काम मानतात, त्यामुळे शहरातले तरणे पोरगे गारा तुडवताना पाहायला अख्खं पोड जमलं होतं, आणि ते पोरगे मुळीच मागे हटले नाहीत. एक मुलगी कुटार तसंच ओतायला निघाली, तर शिकवणाऱ्या आजी तिला म्हणाल्या, "आधी चाळून घे वं माय, नाई त काडी बोटात जाते." हे वाक्य त्या गटातल्या अर्ध्याअधिक मुलांच्या अहवालात आलं.

त्या अहवालांत आणखी एक गोष्ट आली, जी कुठल्याही जानेवारीच्या गटाला कधी सुचली नव्हती. आमची कपाशीची काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की तडकते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच माती नुसती भिंतीला लावली तर चार दिवसांत भिंतभर चिरा पडतील. म्हणून तीत कुटार जातं, त्याच्या काड्या मातीला धरून ठेवतात; आणि म्हणूनच वरचा हात काळ्या मातीचा नसतो, पांढऱ्या किंवा पिवळ्या मातीचा असतो. ही पांढरी माती कुठल्या खड्ड्यातली चांगली आणि कुठली खारट, हे प्रत्येक गावच्या बायांना माहीत असतं. (खड्ड्यावर मुलांना एकटं कधी पाठवू नये, वरची दरड ढासळते. बाई सोबत हवीच.) साहित्याचे गुणधर्म हा विषय ही मुलं कॉलेजात तक्ते भरून शिकतात. इथं तो त्यांच्या बोटांत उतरला.

भिंतीच्या तळाशी वीत-दोन वीत उंचीचा गेरूचा किंवा काळा पट्टा असतो. बाहेरून आलेली मुलं त्याला बॉर्डर म्हणतात आणि वहीत तेवढ्याच आकाराची सरळ रेघ मारतात. आजींना विचारलं तेव्हा कळलं, की अंगणातल्या पाण्याचे शिंतोडे तिथवर उडतात. सपरीत, म्हणजे पडवीत, मात्र तोच पट्टा कंबरेच्याही वर चढतो, कारण तिथं माणसं पाठ टेकून बसतात आणि पांढरा पोतारा मळतो. आतल्या खोलीला खिडकी नाही, म्हणून तिथं पट्टा अगदी बारीक आणि पांढरं जास्त, उजेड फिरावा म्हणून. दिव्याची देवळी, म्हणजे भिंतीतला कोनाडा, असेल तिथं भोवती चित्र काढतच नाहीत, काजळी धरते. म्हणजे कुठं काय काढायचं आणि कुठं काहीच काढायचं नाही, हे त्या घरात माणूस कसा बसतो-उठतो त्यावरून ठरलेलं असतं. डिझाइन शिकणाऱ्या मुलाला याहून मोलाचं काय दाखवणार? पण हे सगळं हाताखाली काम करताना सहज बोलण्यात येतं. मुलाखत घ्यायला बसलं, की बाई म्हणते, "आमच्या मायनं काढलं, म्हणून आमीबी काढतो," आणि गप्प होते.

रेघेचंही तसंच. मुलांची रेघ मनगटातून येते, कारण ती टेबलावर बसून, नाहीतर पडद्यावर पेन टेकवून शिकलेली असतात. भिंतीवर हात खांद्यातून फिरावा लागतो. पुण्याच्या एका मुलीचा हात फार सफाईदार होता, तिची स्केचं पाहून मी थक्क झाले होते. पण भिंतीपुढे तिची रेघ थरथरायला लागली. आजींनी तिला स्टूल बाजूला ठेवायला लावलं, पाय फाकवून उभं केलं आणि तिचं कोपर धरून एकच मोठी कमान मारून घेतली. मग पुन्हा. मग पुन्हा. दुपारपर्यंत ती मुलगी आपल्या हाताच्या पोहोचीएवढी झाडं काढत होती. चित्राचा आकार काढणाऱ्याच्या अंगावरून ठरतो हे तिला कुणी व्याख्यानात सांगून कळलं नसतं.

आता जानेवारीत काय होतं ते सांगते. तेव्हा कापसाची वेचणी चालू असते. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. बाईला कार्यशाळेला बसवायचं म्हणजे तिची त्या दिवसाची कमाई बुडवायची. ती आली तरी तिच्यापुढे ड्रॉइंग शीट आणि पोस्टर कलरच्या बाटल्या ठेवल्या जातात, कारण भिंत नवी असते आणि तिला हात लावायचा नसतो. मग ती मोर काढते, बैल काढते, मुलांना हवं ते काढते. मुलं त्यावरून आपापलं काढतात आणि त्याला लोकचित्रकलेचं प्रात्यक्षिक म्हणतात. आश्विनातही सोयाबीनची सवंगणी असते, बायांना वेळ तेव्हाही नसतो, हे मला कुणी सांगायला नको. पण दिवाळीआधी भिंत लिंपणं टळत नाही. सकाळी शेतावर जाण्याआधी आणि परतल्यावर ते काम होतंच. तेव्हा हाताखाली दहा पोरं असली तर बाईचं ओझं हलकं होतं. कार्यशाळेसाठी तिला वेगळं काही घडवून दाखवावं लागत नाही.

एका गैरसमजाबद्दल थोडं विस्तारानं लिहिते, कारण तो दर गटाबरोबर येतो. मुलं मोबाईलवर ठिपक्यांनी आणि बारीक रेघांनी भरलेली हरणं, झाडं बघून येतात आणि इथल्या गोंड बाईला विचारतात, "तुम्ही गोंड पेंटिंग काढता ना?" तिनं ते पाहिलेलंही नसतं. ती शैली मध्य प्रदेशातल्या पाटनगढच्या परधान गोंडांची. तिकडे बाया छुई माती, गेरू आणि रामरज या पिवळ्या मातीनं घरात दिगना, म्हणजे भिंतीवरची पारंपरिक नक्षी, काढत आल्या. तिथल्या जनगढ सिंह श्याम या तरुणाचा हात चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या नजरेला आला, १९८२ साली उघडलेल्या भोपाळच्या भारत भवनात त्याला कागद, कॅनव्हास, रंग मिळाले, आणि ठिपक्या-रेघांची ती भरण त्यानं उभी केली. आज त्याच्या नात्यातले, त्या भागातले कलाकार ती पुढे नेत आहेत. भज्जू श्याम यांना २०१८ साली आणि दुर्गाबाई व्याम यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. या कलाकारांत प्रत्येकाची भरण वेगळी, ती बघून चित्र कुणाचं हे ओळखता येतं. म्हणजे विद्यार्थी ती भरण जशीच्या तशी उचलतो तेव्हा तो एका जिवंत माणसाची सही उचलत असतो. हे सांगितलं की मुलं गंभीर होतात, त्यांना ते पटतं. त्यांना आधी कुणी सांगितलेलंच नसतं.

परधान आमच्याकडेही आहेत. ते गोंडांच्या देवांची आणि घराण्यांची गाणी किंगरी या तंतुवाद्यावर गातात. पाटनगढच्या परधानांचं वाद्य बाना आणि गोंडांचा मुख्य देव बडा देव, त्याची आळवणी त्यावर होते. जनगढच्या चित्रांमागे ती गाणी आहेत. आमच्या भागात ती गाणी कागदावर उतरली नाहीत इतकंच. माझ्या वर्गातला परधान मुलगा जेव्हा मोबाईलवरचं हरीण बघून ठिपके भरत बसायचा, तेव्हा मी त्याला आधी आजोबांकडे पाठवायची, गाणं ऐकून ये म्हणायची. बाहेरून आलेल्या मुलांनाही तेच सांगते. संध्याकाळी किंगरी ऐका, सकाळी भिंत लिंपा, आणि मग तुम्हाला काय काढावंसं वाटतं ते बघा.

वारलीचं तर आता प्रत्येक शाळेच्या कंपाऊंडला झालं आहे, विदर्भातसुद्धा. पालघरच्या वारल्यांकडे लग्नाचा चौक सवाष्णी काढतात, तांदळाच्या पिठानं, गेरूनं सारवलेल्या भिंतीवर. त्यात पालघट देवी बसते आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, तेव्हा लग्न लागतं. एका गटातल्या मुलानं पायपुसण्यासाठी नक्षी करून आणली होती, मधोमध तो चौक. मी त्याला चौक म्हणजे काय ते सांगितलं. त्यानं ती नक्षी लगेच बाजूला ठेवली आणि बराच वेळ प्रश्न विचारत बसला. मुलं वाईट नसतात. आकृतीपाशी पोचण्याआधी माणसापाशी पोचण्याची वाट त्यांना दाखवलेली नसते.

चित्र भिंतीवरून कागदावर येऊ नये, विकलं जाऊ नये, असं माझं मुळीच म्हणणं नाही. बिहारमध्ये १९६६-६७च्या दुष्काळात बायांच्या हाती पैसा यावा म्हणून हस्तकला मंडळानं आपल्या मुंबईच्या चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मिथिलेत पाठवलं आणि कोहबराच्या, म्हणजे नवदांपत्याच्या खोलीच्या, भिंतीवरची चित्रं कागदावर आली. सीता देवी, गंगा देवी यांचं नाव त्यातूनच जगभर झालं. वारलीत जिव्या सोमा म्हसे यांचं काम बाहेर आलं त्यातही कुलकर्णींचा हात होता. पण त्या बायांच्या हाताला भिंत आधी ठाऊक होती, आणि कुलकर्णी गावात जाऊन राहिले होते.

बाहेरच्या माणसाला हे शिकता येतं का, अशी शंका मुलं स्वतःच काढतात. त्यांना मी नागपूरहून येताना वाट वाकडी करून सेवाग्रामला थांबायला सांगते. बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेननी उठावानं काढलेली झाडं, चरखा, ॐ आजही आहेत. ब्रिटिश आरमारातल्या अधिकाऱ्याची ही मुलगी. गावात राहून, गावच्या मातीनं तिनं ती भिंत केली. १९३७ साली वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत हातकामातून शिक्षणाचा विचार, नई तालीम, मांडला गेला. डिझाइनच्या अभ्यासक्रमाला त्यासाठी दूर कुठं बघायला नको, ते आपल्या जिल्ह्याच्या शेजारी आहे.

राहिला प्रश्न शिकवणारीचा. आमच्याकडे एका महाविद्यालयानं बायांना साडी, नारळ आणि इंग्रजीतलं प्रमाणपत्र दिलं. सोबत आलेल्या प्राध्यापकांना तासाप्रमाणे मानधन होतं. बायांनी साडी आनंदानं घेतली, पण मला ते अजून सलतं. तज्ज्ञ म्हणून बोलावता तर तज्ज्ञाचं मानधन द्या, थेट तिच्या खात्यात, आणि मुलं घरी पोचायच्या आत. पदवी नाही ही अडचण सांगू नका. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात स्थानिक कलाकार-कारागिरांना शिकवायला घ्या असं म्हटलं आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२३ साली कलाकार-कारागिरांना महाविद्यालयात ठेवून घेण्याची मार्गदर्शक तत्त्वंही काढली आहेत. मुलांच्या गुणांपैकी निम्मे तिच्या हाती असावेत, असं मी एका विभागप्रमुखांना सुचवलं तर ते हसले. का हसावं? नवरात्रातल्या त्या गटाच्या भिंती वाळल्यावर आजींनी प्रत्येकीवरून तळहात फिरवला. कुठं पावडर हाताला येते, कुठं आत पोकळ वाजतं, कुणी घाईत दुसरा हात ओल्यावरच दिला, हे त्यांनी भिंतीपाशी उभं राहून एकेकाला सांगितलं. मी इतकी वर्षं चित्रं तपासली, इतकं नेमकं मूल्यमापन मला जमलेलं नाही. आणि विद्यार्थ्याचं काम प्रदर्शनात लागेल तेव्हा शिकवणारीचं नाव, गाव त्याखाली यावं. तिला विचारून, तिला हवं तसं.

एक काम मात्र मला या मुलांकडून हवं आहे. पोडांवर आता घरकुलं होत आहेत. पक्कं घर हवंच, पावसात गळणाऱ्या कुडात कुणी राहावं असं मी म्हणणार नाही. पण सिमेंटच्या गुळगुळीत गिलाव्यावर माती धरत नाही. बायांनी पोतारा दिला तर पहिल्याच उन्हाळ्यात तो पापुद्र्यानं गळून पडतो. मग ऑइलपेंट येतो, आणि चित्र थांबतं. गिलावा खरबरीत ठेवला तर? आधी चुन्याचा हात दिला तर? धावड्याचा किंवा बाभळीचा डिंक घालून पोतारा टिकेल का, किती घालावा? सपरीची एक भिंत तरी मातीची ठेवता येईल का? ही प्रयोगांची कामं आहेत आणि या मुलांकडे प्रयोगशाळा आहे. मगावर, पिशवीवर मोर छापण्यापेक्षा एखाद्या गटानं एवढा एक प्रश्न सोडवला, तर पोडावरच्या बाया त्यांना जन्मभर विसरणार नाहीत. नवरात्रातल्या गटातल्या दोघांनी डिंकाचे नमुने नेले आहेत आणि अधूनमधून फोन करतात. काम रखडत चाललं आहे, पण चाललं आहे.

वेळापत्रक बदलणं महाविद्यालयाला सोपं नसतं, हे मी जाणते. सत्र जुलै-ऑगस्टला सुरू होतं आणि दिवाळीआधी परीक्षांची घाई असते. तरी क्षेत्रकार्य आश्विनात आणि त्याचं लिखाण, नमुने, सादरीकरण नंतरच्या सत्रात, अशी विभागणी करता येते. आपल्या वृत्तपत्राचे अनेक वाचक प्राध्यापक आहेत, म्हणून हे पत्र आपल्याकडे पाठवते आहे. यंदा ज्यांना गट आणायचा आहे त्यांनी पोळा झाला की कळवावं, म्हणजे कुठल्या घरच्या भिंती व्हायच्या आहेत ते मला बायांना विचारून ठेवता येईल. एका वेळी दहा-बाराहून जास्त मुलं नकोत. रंग, ब्रश, कागद काही आणू नका. खराब झाले तरी चालतील असे कपडे आणा, आणि सकाळच्या कामासाठी आदल्या संध्याकाळीच पोचा, गारा रात्रीच भिजवावा लागतो.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका
ता. झरी जामणी, जि. यवतमाळ